सर्वात निष्ठावान वाचक

फुकट पत्रं पाठवून श्रीमंत होण्याचा धंदा सध्या अमेरिकेत जोरात आहे. मिशिगन विद्यापीठातल्या दोघा पोरांनी २०१५ साली ‘मॉर्निंग ब्रू’ नावाचं सकाळचं ईमेल बातमीपत्र काढलं. वाचकांना सांगितलं, आधी मित्र आणा, मग मग न्या. कॉफीच्या मगाच्या लोभाने माणूस मित्रांचे पत्ते देतो, हे त्यांना कळलं होतं. २०२० मध्ये ‘बिझनेस इनसायडर’ने त्यातला मोठा हिस्सा घेतला, तेव्हा कंपनीची किंमत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास धरली गेली. तेव्हापासून ज्याच्याकडे ईमेल, तो संपादक.

भांडवलही लागत नाही. ‘सबस्टॅक’ लिहू देतं फुकट. वर्गणी आली की १० टक्के अडत कापतं. कार्डवाल्यांची कापाकापी वेगळी.

आता लिहायचं काय? हमखास चालणारा विषय एकच : ईमेलपत्र कसं वाढवावं. ते वाचतं कोण? ज्यांना स्वतःचं पत्र काढायचंय ते. आणि ते पुढे कशावर लिहितात? असो.

खरी गंमत जाहिरातीत आहे. पत्रात एक न दिसणारं चित्र दडवलेलं असतं. ते उतरलं, की पत्र ‘उघडलं’ अशी नोंद. या ‘ओपन रेट’वर जाहिरातदार भुलतो. २०२१ च्या सप्टेंबरात ॲपलने खासगीपणाची नवी सोय आणली. ती घेणाऱ्यांची पत्रं ॲपलचा सर्व्हरच आधी उघडून ठेवतो, पत्राचा धनी घोरत पडलेला का असेना. ओपन रेट टम्म फुगले. तज्ज्ञ म्हणाले, या आकड्याला आता अर्थ उरला नाही. काही चतुर संपादकांनी मान डोलावली आणि तोच आकडा जाहिरातदारापुढे ठेवला. यात चूक तरी काय? असा वाचक शोधून मिळायचा नाही. अंक चुकवत नाही, शुद्धलेखन काढत नाही, रागावून पत्र बंद करत नाही. वर्गणी भरत नाही, एवढीच खोट.

हाडामांसाचा वाचक त्रासदायक. शिवाय २०२४ पासून गूगल आणि याहू त्याच्या बाजूने उभे आहेत. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रं धाडणाऱ्यांना नियम असा, की प्रचाराच्या पत्रातून एका क्लिकमध्ये सुटका देता आली पाहिजे आणि ‘स्पॅम’च्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजारात तिघे वैतागले, तरी संपादकाची झोप उडते.

तेव्हा वाचकहो, नको असलेलं पत्र न उघडताच पुसून गप्प बसू नका. सुटकेचं बटण संपादकाने प्रेमाने दिलेलं नाही, त्याला द्यायला लावलंय. बिनधास्त दाबा.