फोर्सवाल्या शेठना खुलं पत्र

ठेकेदारशेठ,

आपल्या नळयोजनेचं पाणी पाड्यावर आलं. म्हणजे टाकीजवळच्या घरांत आलं. पुढचे नळ नुसते फुसफुसले. खोदलं तर कळलं, टाकीपासून चार इंची निघालेला पाइप ओढ्याशी रिड्युसर घालून दोन इंची झालाय आणि तसाच पार शेवटच्या घरापर्यंत गेलाय. बिलात मात्र अखेरपर्यंत चार इंची.

जाब विचारला तेव्हा आपण बागेची नळी मागवलीत, तोंडावर अंगठा दाबून चिळकांडी उडवलीत आणि म्हणालात, "पाइप बारीक केला की फोर्स वाढतो." पुरावा सरपंचांच्या सदऱ्यापर्यंत पोचला. टाळ्याही पडल्या.

चिळकांडी खरीच, शेठ. पण अंगठा फक्त टोकाला असतो. त्याने नळीतलं पाणी मंदावतं, वाटेत घर्षणात दाब कमी मरतो, आणि उरलेला टोकाशी वेग होऊन बाहेर पडतो. आपण तर अख्खा अंगठाच जमिनीत पुरलात! व्यास निम्मा झाला की तोंड चौथाई होतं. तेवढंच पाणी न्यायचं तर त्याने चौपट पळायला हवं. वेग वाढला की दाब उतरतो, हे डॅनियल बर्नूलीने 1738 मध्येच छापलंय, आपलं टेंडर निघण्याच्या बरंच आधी. तो दाब पाइप पुन्हा रुंद झाल्यावर बराचसा परत तरी मिळतो. घर्षणात गेलेला गेलाच, आणि तेवढ्याच पाण्यासाठी तो साधारण 32 पट जातो. टाकीची उंची काही वाढत नाही, म्हणून पाणीच घटतं: जवळपास सहाव्या हिश्शावर. आपल्या बिलाला मात्र वाटेत कुठेच घर्षण लागलं नाही.

बरं, मोठे पाइप या भागाला नवे नाहीत. शहापूरच्या तानसा धरणाचं पाणी 1892 पासून नुसत्या उतारावर मुंबईला जातंय. भातसाही आमच्याच तालुक्यातलं. बारवी धरणासाठी मुरबाडच्या वाड्या उठल्या. माणूस आत उभा राहील एवढे नळ आमच्या शिवारातून जातात, आणि मे महिन्यात आमच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. त्यात आपला दोन इंची!

तेव्हा बिलात लिहिलंय तेवढं जमिनीत पुरा. निघालेला दोन इंची आपल्या बंगल्याला बसवा. फोर्स वाढतो म्हणे.

आपला,
शेवटच्या नळावरचा लाभार्थी