नानांच्या हायब्रिडला इन्व्हर्टर

2010 मध्ये आमच्या शहरातल्या मंडळींनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देश थक्क झाला. एकगठ्ठा सौद्यात त्यांनी सवलत पदरात पाडून घेतली होती, आणि औरंगाबादकराला खरं कौतुक त्याचं. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, पण गाडी पाहिल्यावर पहिला प्रश्न तोच: "किती देते?"

सिडकोतल्या आमच्या नानांची हायब्रिड चांगली तेवीस देते. नानांना तीस हवेत.

"बॅटरीच लहान दिलीय रे यांनी. मोठी टाकली की इंजिन झोपूनच राहील."

नानांचं निदान अर्धं खरं होतं. ग्रँड व्हिटारासारख्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी जेमतेम 0.76 किलोवॉट-तासांची, म्हणजे महावितरणच्या भाषेत एक युनिटसुद्धा नाही. पंचाहत्तर वॉटचा पंखा तिच्यावर दहा तास फिरेल, बस्स. पण तिचं काम साठवून ठेवण्याचं नाहीच. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा पकडायची आणि क्रांती चौकात सिग्नल सुटला की परत द्यायची. खुलताबादचा घाट उतरताना ती एवढी भरते की पुढचा उतार फुकट जातो. नानांना हळहळ त्या उताराची.

उस्मानपुऱ्यातला मिस्त्री म्हणाला, "हो जाता ना काका, उसमें क्या है!" इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ओळीनं जोडायच्या, असा बेत ठरला. मी कागद घेतला. गाडीच्या बॅटरीचा दाब पावणेदोनशे व्होल्टच्या घरात. बारा-बाराच्या पंधरा लागणार. एकेक पन्नास किलोची धरली तरी साडेसातशे किलो. म्हणजे अख्खी मारुती 800 डिकीत घालून फिरायचं, आणि तेही ॲव्हरेज वाढावं म्हणून!

"कॅलिफोर्नियात केलंय लोकांनी," नाना म्हणाले. हेही खरं. 2004 मध्ये तिथल्या हौशी मंडळींनी प्रियस या हायब्रिड गाडीत शिशाच्या बॅटऱ्या भरून ती घरच्या प्लगवर चार्ज केली होती. पण इतक्या लांब कशाला जायचं? 2010 मध्येच पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं भारत फोर्जला सोबत घेऊन 'रेवोलो' आणलं: साध्या गाडीला मोटर आणि बॅटऱ्या जोडून हायब्रिड करणारा संच. मला ती कल्पना आजही आवडते. पण अशा जोडकामाचे नियम व्हायला 2016 उजाडलं. तोवर रेवोलोचं तंत्र बसकडे वळलं होतं आणि 2015 च्या डिसेंबरात इलेक्ट्रिक बस होऊन संसदेच्या दारात पोचलं होतं. शिकलेल्या इंजिनिअरांची ही कथा. आमचा मिस्त्री तर नारिंगी वायरी पाहून "ये कलर अच्छा है" म्हणाला. तो रंग शोभेचा नाही. माणूस जागेवर आडवा होईल एवढा दाब त्या वायरींत असतो, म्हणून तो दिलेला असतो. शिवाय परवानगीवाचून गाडीत असे फेरफार केले की वॉरंटी, विमा आणि आरटीओ, तिघेही एकदम ओळख विसरतात.

शेवटी काकूंनी विषय संपवला. "आधी ती जाळी बघा," म्हणाल्या, "बारीक आवाज येतो तिथून." मागच्या सीटशेजारी बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी होती आणि तिच्यावर गुलमंडीची कापडी पिशवी कायमची टेकलेली. आत मराठवाड्याच्या धुळीचा गुबगुबीत थर. बॅटरी तापली की गाडी तिच्याकडून काम कमी घेते आणि इंजिन जास्त चालवते. पेट्रोल तिथंच जातं.

आता टोयोटा बिडकीनला हायब्रिड गाड्यांचा कारखाना काढणार म्हणते; 2024 मध्ये सरकारशी करारही झाला. म्हणजे आपल्या गल्लीत हायब्रिड वाढणार आणि मिस्त्रीही वाढणार. तेव्हा एवढं कराच: पंधरा बॅटऱ्यांचा भाव काढण्याआधी सीटशेजारची पिशवी उचला, टायरमधली हवा तपासा आणि जाळी सर्व्हिसिंगला साफ करून घ्या. नारिंगी वायरीला मात्र कौतुकानंसुद्धा हात लावू नका.