अकरावा अश्वमेध

ब्रह्मदेवाने इथे दहा अश्वमेध केले, अशी आख्यायिका आहे. काशीतल्या दशाश्वमेध घाटाच्या पायरीवर लॅपटॉप उघडून बसलेला मराठी तरुण सध्या अकरावा करतो आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची बीटा, म्हणजे अजून चाचणीतली, आवृत्ती त्याने हौसेने टाकून घेतली आणि आरतीचा व्हिडिओ कापता-जोडताना स्क्रीन गोठली. कर्सर ढिम्म, कोपऱ्यातलं घड्याळही थिजलेलं.

मग विधी सुरू. आधी कॅप्स लॉक दाबायचं. दिवा लागला तर यंत्रात धुगधुगी आहे, नुसती स्क्रीन रुसली आहे. नाही लागला तर पॉवरचं बटण दाबून धरायचं. पुढे सेफ मोड, मग जुना ग्राफिक्स ड्रायव्हर, मग रॅमची तपासणी. शेवटी सिस्टिमच्या लॉगमध्ये निदान सापडतं: यंत्र अनपेक्षितपणे बंद पडलं. धन्य!

हे सगळं कंपनीला सविस्तर कळवायचं, तेही फुकट. छत्रीखालचा पंडा दक्षिणा घेतो, पण मंत्र तरी स्वतः म्हणतो.

ही रीत तशी जुनीच. एप्रिल 1998 मध्ये शिकागोत, भर व्यासपीठावर, बिल गेट्स यांच्यादेखत विंडोज 98 ने स्कॅनर जोडताच निळी स्क्रीन दाखवली. सभागृह खो-खो हसलं. जूनमध्ये तीच विंडोज बाजारात आली आणि लोकांनी पैसे मोजून घेतली.

हा घाट नानासाहेब पेशव्यांनी 1748 च्या सुमारास बांधून घेतला. 'पाय कुठे घसरतो ते कळवा, उरलेल्या पायऱ्या पुढच्या अपडेटमध्ये' असं काही त्यांना सुचलं नाही. जुनी माणसं, मागासलेलीच!