‘तारा त्याच, सूर तेच’ म्हणणाऱ्या सरांना खुलं पत्र

सर,

तुम्ही मला विसरला असाल. अकरा वर्षं बेस गिटार वाजवल्यावर गेल्या जुलैत मी तुमच्या क्लासमध्ये डबल बेस शिकायला आलो. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, ‘‘तारा त्याच, सूर तेच. ई, ए, डी, जी. फक्त उभं राहून वाजवायचं. महिन्याभरात स्टेजवर जाशील.’’ तीन महिन्यांची फी हातात घेऊन तुम्ही हे बोललात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे.

सूर तेच आहेत, एवढंच त्या वाक्यात खरं. बाकी सगळं खोटं होतं आणि तुम्हाला ते माहीत होतं.

माझ्या गिटारवर तारेची वाजती लांबी ८६ सेंटिमीटर. तुम्ही माझ्या पुढ्यात ठेवलेल्या वाद्यावर ती साधारण १०६. गिटारवर एका पडद्याला एक बोट ठेवायची मला सवय, आणि तुम्ही तीच चालू ठेवायला सांगितलीत. हिशेब कधी केलात का? डबल बेसच्या खालच्या जागी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी, चार बोटं चार लागोपाठच्या स्वरांवर ठेवायची तर पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत सुमारे १६ सेंटिमीटर ताणावं लागतं. ते करताना मान हातातून सुटू नये म्हणून अंगठा मागून आवळावा लागतो. मी आवळला. रोज दोन तास, तीन आठवडे.

याचं उत्तर एकोणिसाव्या शतकातच देऊन ठेवलेलं आहे. व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रांझ सिमांडलच्या पद्धतीत खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोटच वापरतात. अनामिका करंगळीला जोर द्यायला सोबत असते. पूर्ण हात एका जागी फक्त एक पूर्ण स्वर व्यापतो आणि त्यापुढे अख्खा हात सरकतो. त्यांचं पुस्तक तुमच्या कपाटात होतं. मी पाहिलं होतं.

मी कुरकुर केली तेव्हा तुम्ही जेम्स जेमर्सनचं नाव घेतलंत. मोटाउनच्या गाण्यांत बेस गिटार वाजवणारा हा माणूस दोन्ही वाद्यं वाजवायचा, मग तुला काय अडचण? सर, जेमर्सन डेट्रॉइटच्या शाळेत आधी डबल बेस शिकला आणि मग बेस गिटारकडे आला. गिटारवरही तो उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचा, ती सवय मोठ्या वाद्याची. तो डोंगर उतरला. मला तुम्ही चढायला लावलंत, आणि वर सांगितलंत की हा सपाट रस्ता आहे.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बेस गिटारचं नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. पडद्यावर बोट ठेवलं की सूर अचूक लागतो, हे वचन त्या नावातच आहे. अकरा वर्षं ते वचन माझ्या कानांच्या जागी काम करत होतं. डबल बेसवर पडदे नाहीत, त्यामुळे ते काम कानांकडे परत येतं. मला कान तयार करायचे होते, आणि तुम्ही फिंगरबोर्डवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावून दिल्यात.

तारांच्या उंचीबद्दलही बोलतो. तुमच्या वाद्यावर फिंगरबोर्डच्या टोकाशी तारा जवळजवळ दीड सेंटिमीटर वर होत्या. घोडी थोडी तासून घेतली असती तरी चाललं असतं. ते वाद्य हाताळणाऱ्या प्रत्येकाची बोटं तुम्ही दोन-चार तासांचं काम वाचवण्यासाठी वापरलीत.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधला आणि सहा आठवडे कुठलंही वाद्य हातात धरायला मनाई केली. बँडचे पाच कार्यक्रम गेले. तरी याचा मला इतका राग नाही.

राग आहे तो तारांचा. तुम्ही म्हणालात, जुन्या तारा चारही एकदम काढ, पटकन होतं. मी काढल्या आणि पेटीच्या आत टक्क असा आवाज झाला. साउंडपोस्ट पडला होता. तो खुंट वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसता उभा असतो, डिंकाने चिकटवलेला नसतो. घोडीवरून खाली दाबणाऱ्या तारांच्या ताणावर तो टिकतो, म्हणून तारा एकेक करून बदलतात. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने वाकडी सळई आत घालून तो तासभर झटून उभा केला आणि मला विचारलं, हे कोणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं नाही. मला लाज वाटली, तुमच्या वतीने.

आता मी दुसऱ्या बाईंकडे शिकतो. पहिला महिना त्यांनी डाव्या हाताला कामच दिलं नाही. फक्त गज आणि मोकळ्या तारा. मग इलेक्ट्रॉनिक तानपुरा ए स्वरावर लावून त्याच्याशी एकेक सूर जुळवणं. उजव्या हाताने छेडायचं ते बोटाच्या टोकाने नाही, तर्जनीच्या कडेने, अख्ख्या दंडाचं वजन टाकून. या वाद्याला पिकअप आवाज देत नाही, स्प्रूसची फळी हलवावी लागते. परवा मोकळी ए वाजवून तिच्यासोबत वरच्या जागी तोच सूर लावला. जुळला, तसा तो आवाज पोटाला आणि डाव्या मांडीला लागून थरथरला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हे मला पहिल्या दिवशी मिळू शकलं असतं, सर.

मुंबईतल्या फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये गोव्याहून आलेल्या वादकांची अख्खी पिढी होऊन गेली. तिथल्या चर्चच्या शाळांत लहानपणी स्वरलिपी घोटून ते आले होते. त्या वारशाचा फोटो तुमच्या क्लासच्या भिंतीवर आहे. खाली बसणाऱ्या मुलांना मात्र तुम्ही महिन्याभरात स्टेज देता.

मंगळवारी तुमच्याकडे एक सतरा वर्षांचा मुलगा येतो, तोही बेस गिटारवरूनच. जिन्यात भेटला होता. उजव्या तर्जनीला फोड आलाय त्याच्या, तो येतोच, आठवड्याभरात बरा होईल. त्याच्या डाव्या अंगठ्याकडे मात्र याच मंगळवारी बघा.

– तुमचा एक माजी विद्यार्थी