लवचिक वेळेचा हिशेब

बंगळुरूतल्या हेब्बाळच्या उड्डाणपुलाशी विमानतळाचा रस्ता आणि आउटर रिंग रोड गळाभेट घेतात. तिथून येणाऱ्या पालिका कर्मचाऱ्यांना म्हणे लवचिक वेळ द्यावी! पुलानं ती केव्हाच दिलीय, मंजुरीची फाईल तेवढी मागे अडकली असेल. इकडे महाराष्ट्रानं २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कार्यालयांना सगळे शनिवार सोडले आणि बदल्यात रोजचा पाऊण तास वाढवून घेतला: ९.४५ ते ६.१५. त्याचा हिशेब साहेबांच्या खुर्चीवरच्या नॅपकिनला विचारावा. तो बिचारा वेळेवर हजर असतो. लवचिक वेळेची योजना तपासायचीच असेल, तर बायोमेट्रिकचे आकडे राहू द्या. खिडकीबाहेरच्या माणसाला पावती किती वाजता मिळाली, तेवढंच टिपा.