पाचशे डॉलरचा रॉड : नवशिक्यांसाठी सप्तपदी

टेक्सासात घर घेतलं, हप्ते सुरू झाले, लॉन कापून झालं, तरी शनिवार उरतोच. शेजारी भल्या पहाटे पिकअपमागे बोट लावून लेक फोर्ककडे निघतो आणि दुपारी हसतमुखाने परततो. आपणही बास मासा पकडावा, असं तुमच्या मनात आलं आहे. अभिनंदन! मासा पुढे कधीतरी येईल, आधी खरेदी.

पाऊल पहिलं : निर्णय आधी, अभ्यास मागाहून. पन्नासेक डॉलरमध्येही गळाचा रॉड मिळतो, पण तिकडे पाहू नका. नाचता येत नसेल तर अंगण निदान महागाचं असावं. पाचशेच्या पुढचा, सर्व प्रकारच्या गळाला चालणारा, सर्वगुणसंपन्न रॉड मनात पक्का करा. मग तोच उत्तम असल्याचं सांगणारे व्हिडिओ शोधा. ते हमखास सापडतात.

पाऊल दुसरं : लेबल वाचा. मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत असतं : ७ फूट, मीडियम-हेवी, फास्ट, दोरी १२ ते २० पौंड, आमिष ३/८ ते १ औंस. चेहरा गंभीर ठेवा. 'मीडियम-हेवी' म्हणजे वाकवायला किती जोर लागेल. 'फास्ट' म्हणजे वाकणार ते मुख्यतः टोकाशी, बाकीची काठी ताठ. सर्वगुणसंपन्न म्हणून विकले जाणारे बहुतेक रॉड याच मापाचे असतात. आणि गंमत म्हणजे, पन्नास डॉलरच्या रॉडवरही हेच माप छापलेलं असतं.

पाऊल तिसरं : आकड्याला मान डोलवा. विक्रेता म्हणेल, 'हा आयएम-८ आहे.' तुम्ही म्हणा, 'अच्छा!' आयएम-६, ७, ८ ही हेक्सेल या कंपनीच्या कार्बन धाग्यांची नावं. तो सगळ्या धंद्याने मान्य केलेला दर्जा नव्हे. त्यामुळे एका कंपनीचा आठ आणि दुसरीचा आठ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. खरी गोष्ट एवढीच की महागड्या रॉडमधलं ग्रॅफाइट जास्त ताठ असतं. म्हणून ते कमी लागतं, काठी हलकी होते आणि पाण्याखालची थरथर हातापर्यंत स्पष्ट पोचते. दिवसभर गळ टाकणाऱ्याच्या मनगटाला यातला फरक कळतो. तुमचं मनगट सध्या माऊसवर असतं.

पाऊल चौथं : सर्वगुणांची परीक्षा घ्या. टेक्सास रिग म्हणजे गळाचं टोक आत दडवलेला रबरी किडा. तो, जिग, स्पिनरबेट ही सगळी आमिषं हा रॉड झकास पेलतो. मग क्रँकबेट हे आमिष बांधा. त्याला तीन-तीन टोकांचे गळ असतात. ताठ काठीने ओढलं की ते माशाच्या तोंडातून निसटतात. तिथे मवाळ, बऱ्याचदा फायबरग्लास मिसळलेला रॉड हवा. दाट शेवाळावरून रबरी बेडूक ओढायचा तर हेवी हवा. बारीक दोरीच्या ड्रॉप शॉटला हलका स्पिनिंग रॉड हवा. थोडक्यात, सर्वगुणसंपन्न रॉड हा पुढे घ्यायच्या पाच रॉडमधला पहिला. शेजाऱ्याच्या बोटीत काठ्यांची रांग का असते, ते आता कळलं असेल.

पाऊल पाचवं : चावा ओळखा. पैसे मोजले ते खरं तर यासाठी. किडा तळाशी सावकाश ओढत आणा. खडा लागला की टक्. बुडालेल्या फांदीवरून घसरला की खरखर आणि मग अचानक सैल. बासचा चावा मात्र अनेकदा असा काही नसतोच. तो तोंड उघडतो आणि पाण्यासकट किडा आत ओढतो. हाताला जाणवतं ते इतकंच की काहीतरी जड, लिबलिबीत झालंय, किंवा दोरी उगीच बाजूला सरकतेय. महागडा रॉड ही बातमी नक्कीच जास्त स्पष्ट पोचवतो. पण बातमीचा अर्थ तुमच्या हातालाच लावायचा असतो. नवशिका प्रत्येक खड्याला हिसका देतो आणि मासा आला की फांदी समजून थांबतो. दोरी ढिली असेल किंवा ताणली जाणारी साधी नायलॉनची असेल, तर बातमी रॉडपर्यंत नीट पोचतच नाही.

पाऊल सहावं : मोडून पाहा. ताठ ग्रॅफाइटला आडवा मार सोसत नाही. कारचं दार, घरातला सीलिंग फॅन आणि मासा बोटीत घेताना काठी डोक्याच्या मागे उभी नेण्याची हौस ही तीन साधनं पुरेशी आहेत. याउलट १९७६पासून विकला जाणारा अग्ली स्टिक हा रॉड ग्रॅफाइट आणि फायबरग्लासच्या मिश्रणाचा आहे. जरा जड, जरा बहिरा, पण पोरांच्या हाती द्यावा इतका चिवट. महागडा घेतलाच, तर वॉरंटीचे नियम आधी वाचा.

पाऊल सातवं : आईला सांगा. रत्नागिरीला व्हिडिओ कॉल लावून रॉड दाखवा. किंमत रुपयांत सांगितल्यावर क्षणभर नेटवर्क गेल्यासारखं वाटेल. मग हेही सांगा की लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास पुन्हा पाण्यात सोडावाच लागतो. 'अरे, सोडायचाच होता तर पकडलास कशाला?' या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगात नाही. ज्यांनी लहानपणी खाडीवर बांबूच्या काठीने गरवलंय, त्यांनी तर हा कॉल टाळावाच.

सप्तपदी संपली, आता थट्टा बाजूला. जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला, तेव्हा ग्रॅफाइटचे रॉड नव्हतेच. २००९मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाची बरोबरी केली. तो विक्रम अजून कुणी स्पष्टपणे मोडलेला नाही.

महागडा रॉड फसवणूक नव्हे. ज्याचा हात तयार आहे, त्याला त्याचे पैसे वसूल होतात. पण पन्नासवरून सव्वाशेला गेलात तर फरक कुणालाही जाणवतो. सव्वाशेवरून पाचशेला गेलात तर तो फक्त सरावलेल्या हाताला. म्हणून शंभर ते दीडशेचा ७ फुटी मीडियम-हेवी फास्ट घ्या. वाचलेल्या पैशांतून चांगली दोरी, बरा रील आणि मासेमारीचा परवाना घ्या. एक हंगाम पाण्यावर काढा. डोळे मिटून खडा, फांदी आणि मासा वेगळे सांगता आले, की पाचशेचा खुशाल घ्या. तोवर तो दुकानातच राहू द्या.