चालू पड, कायम पड

उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिरांचा एक नेम आहे: माप एकदाच घ्यायचं. पुठ्ठ्याचा फर्मा एकदा कापला की त्यावर हजार पँटी निघतात. तिथून लोकलने दोन स्टेशनं पुढे, बदलापूरला, नेमका उलटा धंदा चालतो. तिथे एकाच शेतकऱ्याचं माप हजार वेळा घेतात आणि पँट काही शिवून होत नाही.

आमच्या काकांची बदलापूर आणि वांगणीच्या मधे, उल्हास नदीच्या अंगाला सव्वा एकर जमीन. तिची पाच खाचरं. पावसाळ्यात भात, भात कापलं की त्याच ओलीवर वाल आणि बांधावर एक जांभूळ. झाली माहिती. तीन-चार ओळींत मावली. सरकारला मात्र ती गेली कित्येक वर्षं मावत नाही.

सातबाऱ्यावर काकांचं नाव आहे, आठ-अ वर क्षेत्र आहे, आधारात अंगठा आहे, पीएम-किसानच्या ई-केवायसीत चेहरा आहे. हे सगळं कशासाठी? वर्षाला 6000 रुपयांसाठी, तेही तीन हप्त्यांत. दिवसाला साडेसोळा रुपयेही पडत नाहीत. त्यातले निम्मे झेरॉक्सवाल्याचे. मग एप्रिल 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक असल्याशिवाय कृषी योजनांचा लाभ नाही असं ठरलं. काकांना आनंद झाला. एक क्रमांक, की सगळी कागदपत्रं त्याच्या पोटात! क्रमांक हातात आला तसे ते पेढे घेऊनच एका सेवा केंद्रावर गेले.

"आता आणखी काही लागणार नाही ना?"

"नाही काका, काही नाही. फक्त सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स द्या."

पेढे मात्र त्यांनी झेरॉक्सशिवाय घेतले.

या सगळ्यावर कळस म्हणजे पीक पाहणी. पूर्वी ही पाहणी तलाठी करत. काही तलाठ्यांची नजर एवढी तेज, की चावडीत बसल्या जागेवरून त्यांना अख्ख्या शिवाराचं पीक दिसे. मागच्या वर्षी होतं तेच दिसे, एवढीच काय ती अडचण. ती दूर व्हावी म्हणून 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. घोषणाही झकास होती: 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा.' त्यातला 'मीच' पुन्हा एकदा वाचा. स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर शेतकऱ्याला तलाठ्याचं काम मिळालं. पगार तेवढा लिहायचा राहून गेला. तलाठ्यांना पुढे 'ग्राम महसूल अधिकारी' असं भारदस्त नाव मिळालं. काका अजून काकाच आहेत.

कल्पना वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. ज्याचं पीक त्यानेच नोंदवलं तर खोटं घुसायला जागा कमी. पण नुकसानभरपाई असो, विमा असो की हमीभावाने भाताची विक्री, सगळं आता या नोंदीला येऊन अडतं. नोंद चुकली की भात शेतात डोलत असतं आणि कागदावर उगवलेलंच नसतं.

आणि नोंद करायची कशी? शेताच्या 50 मीटरच्या आत उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा. काकांच्या घरात असा फोन एकच, तो चिरंजीवांच्या खिशात. चिरंजीव सकाळच्या लोकलला लटकून मशीद बंदरला कामाला जातात. म्हणजे भात वांगणीच्या अलीकडे, फोन सत्तरेक किलोमीटर पलीकडे. राहिला रविवार. पण त्या दिवशी सगळ्या गावांतले सगळे चिरंजीव फोन उंच धरून बांधावर उभे असतात. रुळांवर मेगाब्लॉक असतोच, तो हवेतही लागतो.

आणि पाऊस? 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांच्या सुटकेसाठी बोटी आल्या, हेलिकॉप्टरं आली. उल्हास नदी शेतात शिरली होती याला सारा देश टीव्हीवर साक्षीदार होता. पण साक्षीदार निराळे आणि पंचनामा निराळा. पीक विम्याचा तेव्हाचा नियम सांगायचा की नुकसानीची खबर 72 तासांच्या आत द्या. घरात वीज नाही, फोन बंद, पाणी कमरेला. अशा वेळी नदीनेच फॉर्म भरून दिला असता तर बरं झालं असतं.

मापाचं हे खूळ जुनं आहे. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल नावाच्या साहेबाने दख्खनच्या जमिनी मोजल्या. मातीचा कस, मशागतीचा खर्च, हाती उरणारं उत्पन्न, सगळं इतकं बारकाईने मांडलं की त्यावर बसलेला सारा रयतेला झेपेना. इंदापूरकडे लोक शेतं टाकून निघून गेले. मग 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दुसऱ्या दोन साहेबांना तो सोपा करून द्यावा लागला. इंदापूरच्या कुणब्याला निदान गाव सोडून जाता तरी आलं. बदलापूरच्या शेतकऱ्याला ती तसदीही नाही. शहरच चालत येतं आणि त्याच्या शेतावर बसतं.

बरं, न विचारता मोजायचं कसं, हे सरकारला ठाऊक नाही असंही नाही. देशात 1970-71 पासून दर पाच वर्षांनी कृषी गणना होते. आपल्याकडे तिचा पहिला टप्पा जमिनीच्या दप्तरावरूनच उतरवून घेतात. कुणाचं दार वाजत नाही. दुसऱ्या टप्प्यात नमुन्यापुरती 20 टक्के गावं, तिसऱ्यात 7 टक्के. दप्तरात आहे ते दप्तरातून उचलायचं आणि उरलेलं थोड्यांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. भात शिजला का हे बघायला आमची काकूही एकच शीत दाबते. इतर खाती मात्र अख्खं पातेलं चिवडत बसतात.

आमच्याच तालुक्यात आणखी एक धडा उभा आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982 चा शिलालेख आहे. शिलाहारांनी एकदाच लिहिलं, दगडात लिहिलं. साडेनऊशे वर्षं उलटून गेली, त्या शिळेकडे कुणी हयातीचा दाखला मागितलेला नाही.

या सगळ्या गर्दीत एकच पाहणी चटकन उरकते: बिल्डरच्या माणसाची. तो पांढऱ्या गाडीतून येतो. सातबारा मागत नाही, त्याच्याकडे आधीच असतो. फेरफार असतात, नकाशा असतो, आणि काकांना आठवत नाही अशा कल्याणच्या आत्येबहिणीचा वारस हक्क कितीचा, हेही त्याला तोंडपाठ असतं. एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याला मिळत नाही म्हणतात; याला ती सगळ्या खात्यांची मिळते. म्हणून त्याच्या फॉर्ममध्ये प्रश्न एकच उरतो.

"काका, देता का?"

काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. यंदा मात्र लावणीला माणसं मिळाली नाहीत, म्हणून नदीकडचं एक खाचर तसंच राहिलं. परवा रविवारी चिरंजीव फोन घेऊन त्याच्या बांधावर उभे होते. मागे बारा मजल्यांचा सांगाडा, पुढे गवत.

"बाबा, इथे काय टाकू?"

"पड आहे ते. पड टाक."

"त्यातही दोन आहेत. चालू पड की कायम पड?"

काका गवताकडे बघत राहिले, मग त्या सांगाड्याकडे.

"इतके फॉर्म भरले," ते म्हणाले, "पण मुद्द्याचं आज पहिल्यांदा विचारलं. उत्तर द्यायला मुदत किती आहे?"

"संपत आलीय. पण वाढवतील."

"वाढवू देत. तोवर 'चालू' लिही."